जैसे थे

ढवळे काकांकडे मी काम मागायला गेले तेव्हा त्यांनी मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "तुमचे मिस्टर परवा मंडळात भेटले होते. म्हणाले, 'घरात बसून दिवसभर माझ्या चुका काढते, त्यापेक्षा तुमच्याकडे लोकांच्या काढू दे.'"

हे सांगताना ते हसले नाहीत. निरोप होता, तो त्यांनी पोचवला. मी घरी जाऊन नवऱ्याला काय सुनावायचं ते सुनावलं. तो बिचारा कपाळाला हात लावून म्हणाला, "ढवळ्यांजवळ बोललेलं जसंच्या तसं पुढे जातं, हे माझ्या लक्षातच राहिलं नाही."

नवरा रेल्वेत इंजिनियर. त्याची बदली झाली म्हणून आम्ही लखनौला आलो. त्याआधी मी सांगलीच्या एका छापखान्यात आठ वर्षं प्रुफं तपासली होती. दुसऱ्याचा मजकूर समोर आला की माझे हात शिवशिवतात. सख्ख्या नणंदेच्या लग्नपत्रिकेतल्या चुका मी भर मांडवात दाखवल्या आहेत आणि त्याबद्दल सासरी माझं जे नाव आहे ते आहे. अशा बाईला लखनौत काम मिळालं ते कुणाच्याही मजकुराला बोट न लावणाऱ्या माणसाकडे. सहा वर्षं मी तिथे टिकले, याचं श्रेय अर्थातच त्यांना.

काकांचं दुकान गोमती नगरच्या एका बाजारात, मिठाईवाल्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर होतं. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि पुठ्ठा बांधायचं एक जुनं यंत्र. खाली इमरती तळायला घेतली की वर आमच्या कागदांना तुपाचा वास लागायचा. गिऱ्हाईक म्हणजे कॉलेजांतली पोरं. त्यांचे प्रबंध पानांत बसवून, सूत्रं, आकृत्या, कोष्टकं जागच्या जागी लावून छापून द्यायचे, हा धंदा. काका ठेंगणे, कपाळ मोठं, बारा महिने हाफशर्ट. खिशाला तीन पेनं असायची, निळं, काळं आणि हिरवं. लाल पेन त्या दुकानात नव्हतं. मी पहिल्या दिवशी माझं नेलं होतं, ते त्यांनी हातात घेऊन पाहिलं आणि परत माझ्या पर्समध्ये ठेवलं.

त्यांचे वडील फौजेतले, साताऱ्याकडचे. निवृत्तीनंतर छावणीजवळच घर केलं आणि मग कोणी परत गेलंच नाही. काकांचा जन्म इथला. मराठी आईकडून आलेली, पण तिच्यात लखनौ असं मुरलं होतं की "वहिनी, मी सब्जी घेऊन येतो, तब तक ही चार पानं बघून ठेवा," हे त्यांच्या लेखी शुद्ध मराठी होतं. मी आधी दर वाक्याला दचकायचे. पुढे माझीच मुलगी मला "आई, आज टिफिन में क्या है?" विचारायला लागली, तेव्हा दचकणं सोडून दिलं.

आता त्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. आम्ही ज्या पद्धतीने पानं जुळवायचो तिच्यात मजकुराबरोबरच हुकूमही टाइप करायचे असतात. हे ठळक कर, इथे नवं प्रकरण सुरू कर, वगैरे. हुकूम कुठला आणि मजकूर कुठला हे यंत्राला कळावं म्हणून काही चिन्हं राखून ठेवलेली. उलटी तिरपी रेघ दिसली की यंत्राला वाटतं हुकूम आला. टक्क्याचं चिन्ह दिसलं की त्यापुढची सगळी ओळ ही लिहिणाऱ्याची खाजगी टीप आहे असं समजून ते ती गिळून टाकतं. शेतकीच्या एका विद्यार्थ्याने स्वतःच सगळं टाइप करून आणलं होतं. जिथे जिथे 'चाळीस %' आलं तिथे पुढचं वाक्य गायब. बिचाऱ्याचं बी उगवलं की नाही हे साऱ्या प्रबंधात कुठे कळत नव्हतं.

आणि पोरांच्या प्रबंधाच्या शेवटी त्यांनी लिहिलेले कॉम्प्युटरचे प्रोग्राम असायचे. त्यांत तर ही सगळी चिन्हं खच्चून भरलेली. तेव्हा यंत्राला सांगावं लागतं की इथपासून तिथपर्यंत शहाणपणा करू नकोस, जे आहे ते, जसं आहे तसं छाप. या सूचनेला एक इंग्रजी नाव आहे. काका तिला 'जैसे थे' म्हणायचे. "वहिनी, ह्याला जैसे थे मध्ये घाला," म्हणजे मग त्या मजकुराला यंत्रानेही हात लावायचा नाही आणि मीही नाही.

चिन्हांनाही त्यांची नावं होती. उलटी रेघ म्हणजे 'उलटी काठी'. खालची आडवी रेघ 'पायरी', वरची वाकडी रेघ 'लाट', चार रेघांची 'जाळी'. महिरपी कंसाला नुसतं 'महिरप'. आणि हे सगळं रोज मोठ्यांदा म्हटलं जायचं, कारण प्रोग्राम तपासायची त्यांची रीत जुन्या छापखान्यांतली होती. एकाने मूळ वाचायचं, दुसऱ्याने छापलेल्यावर बोट ठेवायचं. काका खुर्चीत ताठ बसून एका सुरात वाचायचे, "महिरप उघडी, पायरी, पायरी, नाव, पायरी, पायरी, महिरप बंद." नवं गिऱ्हाईक जिना चढून आलं की दारातच चपला काढायचं. आत काही पूजा चालली आहे असं वाटायचं त्यांना.

माणसांच्या बाबतीतही काका जैसे थेच होते. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाने एका वर्षी हौसेने त्यांना चिटणीस केलं. गणपतीच्या वर्गणीवरून सभेत जरा वादावादी झाली होती. पुढच्या सभेत काका मागचं इतिवृत्त वाचायला उभे राहिले. साधारणपणे अशा ठिकाणी 'चर्चा होऊन ठराव संमत झाला' एवढं असतं. काकांनी सात पानं वाचली. कोण कोणाला काय म्हणालं, कोण मध्येच "चहा गार आहे" म्हणालं, अध्यक्षांनी कोणाच्या वहिनींबद्दल हळूच काय उद्गार काढले, सगळं. ते वाचून खाली बसेपर्यंत तीन कुटुंबांचं एकमेकांकडे जाणं-येणं बंद झालं होतं. मालतीकाकू, म्हणजे त्यांची बायको, घरी येताना रिक्षात म्हणाल्या, "अहो, थोडं गाळायचं तरी." काका म्हणाले, "काय गाळायचं हे मी कोण ठरवणार?" पुढच्या वर्षी त्यांना सजावटीकडे टाकण्यात आलं.

मला हे सगळं विनोदी वाटायचं. हा माणूस जरा सर्किट आहे, पण चांगला आहे, असं माझं मत होतं. ते बदललं माझ्या एका चुकीमुळे.

एका मुलाचा प्रोग्राम आला होता. त्याच्या ओळी मला भारी वेड्यावाकड्या वाटल्या. एक समासापाशी, दुसरी चार घरं आत, तिसरी आठ. काका दवाखान्यात गेले होते. मी बसून सगळ्या ओळी समासाला लावून सरळ केल्या, पान कसं देखणं झालं, आणि ते बांधून दिलंसुद्धा. त्या भाषेत ओळ किती आत सरकवली आहे यावरच प्रोग्रामचा अर्थ ठरतो, हे मला कुठे ठाऊक? परीक्षकाने ते पान बघितलं आणि पोराला भर परीक्षेत विचारलं, की हा प्रोग्राम कधी चालवून तरी पाहिलास का. मुलगा रडवेला होऊन दुकानात आला. काकांनी त्याची हात जोडून माफी मागितली, सगळ्या प्रती परत मागवून नव्याने छापल्या, आणि स्वतः त्याच्या कॉलेजात जाऊन परीक्षकाला सांगून आले की चूक आमची आहे, मुलाची नाही.

मला ते एक शब्द बोलले नाहीत. मला तेच सहन होईना. संध्याकाळी मीच म्हटलं, "काका, रागवा तरी." तेव्हा त्यांनी मला रामसुमेरची गोष्ट सांगितली.

काका तेव्हा पंचवीस वर्षांचे, चिनहटच्या एका कारखान्यात टंकलेखक. तिथे रामसुमेर नावाच्या कामगाराची तीन बोटं यंत्रात गेली. चौकशी लागली. त्याचा जबाब घ्यायला काकांना बसवलं. रामसुमेर घाबरलेला, अर्धवट अवधी बोलीत तेच तेच बोलत होता. घरचं सांगत होता, बैलाचं सांगत होता, आणि दर दोन वाक्यांनी म्हणत होता, "सुपरवाइजर साहब कहिन, जल्दी करौ." काकांनी त्या सगळ्या गोंधळातून एका पानाचा सुरेख जबाब तयार केला. बैल गेला, घर गेलं, तेच ते वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं तेही गेलं. रामसुमेरने डाव्या हाताचा अंगठा उठवला. साहेबांनी काकांच्या टायपिंगची तारीफ केली. कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला असा निकाल लागला आणि त्याला काढून टाकलं.

"मी खोटं काही लिहिलं नाही, वहिनी," काका म्हणाले. "मी फक्त पसारा काढला."

पुढे ते बराच वेळ पुठ्ठ्याच्या यंत्राला तेल घालत बसले. महिन्याभरात त्यांनी ती नोकरी सोडली होती आणि रामसुमेरला शोधायला त्याच्या गावीही गेले होते, पण तो सुरतेकडे निघून गेला होता. हे मला नंतर काकूंकडून कळलं. त्या दिवसानंतर मी दुकानात कुठल्याच ओळीला सरळ करायला गेले नाही.

काकांची आणखी एक पद्धत होती, आणि पुढचं सगळं तिच्यावरूनच घडलं. प्रोग्रामचं पहिलं प्रूफ ते एका खास तऱ्हेने छापायचे. 'जैसे थे'चाच एक प्रकार आहे, ज्यात शब्दांमधल्या मोकळ्या जागासुद्धा कागदावर दिसतात. प्रत्येक मोकळ्या जागेच्या ठिकाणी एक छोटं उथळ भांडं उमटतं. काका त्याला 'वाटी' म्हणायचे. लिहिणाऱ्याने कुठे किती जागा सोडली ते त्याला दाखवून, सही घेऊन, मगच वाट्या काढून साधी प्रत छापायची. पोरं वैतागायची. "अंकलजी, ख़ाली जगह में क्या देखना?" काका शांतपणे म्हणायचे, "बेटा, ख़ाली जगह भी आप ही की है. देख लीजिए."

प्रतिमा आमच्याकडे आली ती असाच एम. टेक.चा प्रबंध घेऊन. बाराबंकीची मुलगी, बारीक, मोठ्या चष्म्याची, बोलताना शब्द मोजून वापरणारी. तिचा प्रोग्राम पाण्याचा होता. शहराच्या टाकीत पाणी इतकं, मोहल्ले इतके, तर कोणत्या मोहल्ल्याला किती मिनिटं सोडायचं. त्यात एक लांबलचक यादी होती. मोहल्ल्याचं नाव, मग कोलन म्हणजे दोन टिंबं, मग मिनिटं.

वाट्यांचं प्रूफ काढून आम्ही वाचायला बसलो. काका वाचत होते, मी बोट ठेवत होते. "कोलन, वाटी, वाटी, चाळीस. कोलन, वाटी, वाटी, पंचवीस." दर कोलनपुढे दोन वाट्या, ओळीमागून ओळ. अर्ध्या पानावर काका वाचायचे थांबले. मलाही काहीतरी आठवलं होतं. सहा महिन्यांपूर्वी अनुराग नावाच्या मुलाचं काम आलं होतं. तोही त्याच कॉलेजचा, त्याच सरांचा विद्यार्थी, पण प्रतिमाला सीनियर. त्याच्या प्रोग्रामात मधली चार पानं अशीच दोन-दोन वाट्यांची होती, आणि मी तेव्हा म्हटलंही होतं की काका, इथे पंगत बसलीये. त्याच्या बाकीच्या पानांवर कोलनपुढे एकही वाटी नव्हती.

"काका, हे तर..."

"पुढे बोट ठेवा, वहिनी," काका म्हणाले आणि वाचायला लागले.

महिन्याभराने प्रतिमा दुकानात आली आणि स्टुलावर बसून राहिली. काकूंचे पोहे पुढे ठेवले तरी हात लावेना. मग हळूहळू कळलं. कॉलेजच्या तपासणीत तिचा प्रोग्राम अनुरागच्या अहवालाशी जुळला होता. त्याचा आधी जमा झालेला, म्हणून चोर ही. खरं तर अनुरागने प्रयोगशाळेत तिच्याकडून 'जरा बघायला' म्हणून तो घेतला होता, पण त्याला साक्षीदार कोण? सरांनी सीनियरची बाजू घेतली होती. समिती बसणार होती. चोरी ठरली तर डिग्री रद्द, आणि डिग्रीचा कागद दाखवला की रुजू व्हायची अशी एका पॉलिटेक्निकमधली नोकरी तिची जवळजवळ ठरलेली.

ती गेल्यावर मी काकांवर तुटून पडले. "तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. तिला सांगून तरी टाका, की तुझी खूण तुझ्या पानावर आहे. पोरगी रात्रभर झोपणार नाही."

काकांनी मला खूण कसली ते तेव्हा समजावलं. जुन्या टायपिंग क्लासात शिकवतात, की पूर्णविराम आणि कोलन यांच्यापुढे अंगठ्याने दोनदा जागा सोडायची. काका अमीनाबादेत शिकले तेव्हा मास्तर एकदा सोडली तर पट्टी मारायचे. प्रतिमाने क्लार्कच्या परीक्षेसाठी बाराबंकीला तोच क्लास केला होता, हे तिने बोलता बोलता पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आताची पोरं दोन बोटांनी टाइप करतात, त्यांना हा नियम ठाऊक नसतो.

"म्हणून तर सांगायला हवं," मी म्हटलं.

"तिला स्वतःला हे माहीत नाहीये, वहिनी. आज सांगितलं तर उद्यापासून तिचा अंगठा जागा होईल. मग समितीपुढे तिने दोनदा मारलं तरी लोक म्हणतील, शिकवून आणलीये." मग म्हणाले, "मला पुन्हा एकदा कोणाचं म्हणणं नीट करून मांडायचं नाहीये. तिचं तिलाच मांडू दे."

मला त्यांनी शपथ घातली. त्यानंतरचे नऊ दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. प्रतिमा रोज फोन करायची. चष्म्याआड सुजलेले डोळे घेऊन दोनदा येऊनही गेली. एकदा तर मी "अगं, तुझ्या त्या कोलनच्या..." इथपर्यंत आले आणि जीभ चावली. काका तिला फक्त एवढंच म्हणायचे, "आप जो हैं, वही रहिएगा." मला वाटायचं, या माणसाचा हा हट्ट एक दिवस त्या पोरीला बुडवणार.

समितीच्या दिवशी प्रतिमाने आम्हाला सोबत म्हणून नेलं. मी प्रिंटर उचलला, काकांनी लॅपटॉप. खोलीत तिघे जण होते, त्यांत एक बाहेरच्या कॉलेजच्या वयस्क मॅडम. सर होते, अनुरागही होता. तो मान खाली घालून नखं कुरतडत होता. त्याला पाहून मला राग येईना, तोही पोरगाच होता.

काका उभे राहून मॅडमना म्हणाले, "मैडम, मैं टाइपसेटर हूँ. मुझे कुछ कहना नहीं है. बस पहले इन दोनों बच्चों से दस लाइनें टाइप करवा लीजिए, आप बोलिए, ये लिखें. फिर अहवाल के साथ जो सीडी जमा है, उसमें से वही पन्ने और ये लाइनें मैं यहीं, आपके सामने छाप दूँगा. जैसी हैं, वैसी."

घाईत त्यांच्या हिंदीत 'अहवाल' घुसला होता. मॅडमना तो कळला की नाही कोण जाणे, पण त्यांनी मान हलवली. त्यांनी दहा मोहल्ल्यांची नावं आणि आकडे सांगितले. आधी अनुराग बसला. मग प्रतिमा. एक नाव तिने दोनदा खोडलं. मी तिच्या अंगठ्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि दुसरीकडे कुठे बघताच येत नव्हतं. तरी काय दिसलं ते सांगता येणार नाही, डोळ्यांत पाणी होतं.

काकांनी सगळं छापलं. चार कागद टेबलावर ओळीने ठेवले आणि मागे येऊन भिंतीशी उभे राहिले. अनुरागच्या दहा ओळींत एकही वाटी नाही. प्रतिमाच्या दहा ओळींत दर कोलनपुढे दोन. तिच्या प्रबंधाच्या पानावर दोन. आणि अनुरागच्या सीडीतल्या पानावर दोन, दोन, दोन, खालपर्यंत.

सर म्हणाले, "ये तो ख़ाली जगह है."

मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "ख़ाली तो नहीं दिख रही," त्या म्हणाल्या.

सरांनी मग म्हणून पाहिलं की हे टाइपसेटरने मागाहून घातलं असेल. काका पहिल्यांदा स्वतःहून बोलले. आवाज चढवला नाही. "साहब, एक बार किसी की बात को छुआ था. उसके बाद तीस बरस से ऊपर हो गए, किसी की ख़ाली जगह भी नहीं छुई." खोलीत कोणाला रामसुमेर ठाऊक नव्हता. मला होता, आणि मला रडू आवरेना. मॅडमनी सीडी कॉलेजच्याच कपाटातून निघाली होती हे सरांना दाखवून दिलं, तेव्हा तो विषय संपला.

पंधरा दिवसांनी प्रतिमाचा प्रबंध मंजूर झाला. अनुरागला अहवाल नव्याने लिहायला सांगितलं. आणि त्या सरांच्या, मग त्यांच्या मित्रांच्या, अशा तीन-चार विभागांच्या पोरांनी आमच्या जिन्यावर पाऊल टाकणं बंद केलं. मी दुसऱ्या यंत्रावर आदल्या वर्षीच्या जुन्या फाइली लावत बसायचे.

त्या सामसूम दिवसांत एका दुपारी अनुराग आला. दारातच उभा राहिला. नवा अहवाल लिहिला होता, दुसरीकडे छापायला जायचा धीर होत नव्हता की काय कोण जाणे. मी तोंड फिरवलं. काकांनी त्याला आत बोलावलं, खालून दोन समोसे मागवले, आणि त्याचं काम नेहमीसारखं केलं. वाट्यांचं प्रूफ काढलं, वाचलं, सही घेतली. तो गेल्यावर मी म्हटलं, "याचं कशाला करायचं?" काका म्हणाले, "ह्यात जे आहे ते आता त्याचं आहे. मी वाचलं ना सगळं."

वर्षभरात दुकान बंद करावं लागलं. त्यांचा मुलगा नाशिकला होता, तो काका-काकूंना न्यायला आला. पुठ्ठ्याचं यंत्र खालच्या मिठाईवाल्याने घेतलं, डब्यांचे खोके दाबायला. मी पाहिलंसुद्धा नाही तिकडे.

गाडी चारबाग स्टेशनहून होती. प्लॅटफॉर्मवर नऊ खोके, दोन ट्रंका, काकूंची लोणच्याची बरणी कापडात गुंडाळलेली. प्रतिमा पॉलिटेक्निकमधून अर्धी रजा काढून आली होती. आता ती जरा भरली होती, बोलायलाही लागली होती. तिने पाया पडून काकांना सांगितलं, "अंकलजी, अब तो मैं बहुत ध्यान से टाइप करती हूँ. एक ही स्पेस." तिला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

काकांचा चेहरा पडला. ती हमालाशी बोलायला गेली तेव्हा मला म्हणाले, "बघा वहिनी. शेवटी तिचं एक मी बिघडवलंच." मी त्यांची समजूत घालायला गेले, की तिची डिग्री वाचली, नोकरी लागली, एका जागेचं काय घेऊन बसलात. त्यांनी ऐकलं नाही. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

खोक्यांवर लावायला प्रतिमाने घरून चिठ्ठ्या टाइप करून, छापून आणल्या होत्या. नाव, मुक्काम, फोन, सामान. आम्ही दोघी त्या चिकटवत सुटलो, गाडी लागायची वेळ झाली होती. प्रतिमा भराभरा डिंक लावत होती आणि मध्येच बाहीने डोळे पुसत होती. शेवटचा खोका काकांनी स्वतः उचलला, दारात ठेवला आणि वाकून त्यावरची चिठ्ठी वाचायला लागले. मग त्यांनी बोटाने ओळ धरली, दुकानात धरायचे तशी. मला हाक मारली नाही, नुसतं बघितलं. मी वाकले. 'नाम:', आणि पुढे मोकळी जागा. नेहमीपेक्षा जरा मोठी. 'पता:', पुढे तशीच. खाली प्रत्येक ओळीत तशीच.

गाडी हलली तेव्हा काका खिडकीत होते. ढवळे काकांना तोंडभर हसताना मी सहा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. प्रतिमा हात हलवत डब्याबरोबर चार पावलं धावली. तिच्या डोक्यावरून त्यांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली, सांगू नका म्हणून.

मी तिला अजून सांगितलेलं नाही. इथे लिहिलं, कारण तिला मराठी वाचता येत नाही.